नानांच्या गाडीचे दात

७ डिसेंबर, रविवार. काम: दोंडाईच्याच्या जिनिंगमधली मागची शेड रिकामी करणे.

हे काम माझ्याकडे आलं, कारण घरात दुसरं कोणी ते करणार नव्हतं. जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करायचा आमचा कारखाना, बंद पडून बरीच वर्षं झाली. आता ती जागा लग्नाच्या लॉनसाठी भाड्यानं दिली होती आणि लॉनवाल्यांना मागच्या शेडमध्ये स्वयंपाकघर करायचं होतं. पुढच्या रविवारपर्यंत शेड मोकळी करून द्यायची, असं ठरलं. आमचे यजमान म्हणाले, "तूच बघ, तुला जमतं." हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आले आहे. धुळ्यात आमचा सरकी-ढेपेचा डेपो आहे आणि तो मी चालवते. पोती हलवायची, माणसं लावायची, गाडी भरून पाठवायची, हे मला नवीन नाही. त्यामुळे मीही वाद घातला नाही.

शेडमध्ये काय नव्हतं! रुईचा चिकट थर बसलेले पट्टे, चामड्याचे झिजलेले रोलर, बेअरिंगचे गंजलेले डबे, उंदरांनी कुरतडलेली बारदानं. माझ्या माणसांनी दोन हातगाड्या लावल्या आणि दुपारपर्यंत निम्मी शेड उघडी केली. शेवटी कोपऱ्यातली ताडपत्री तेवढी राहिली. तिच्याखाली नानांची गाडी होती.

नाना म्हणजे यजमानांचे चुलते. ऐंशी ओलांडलेले, पण कणा ताठ. जिनिंगच्या फाटकाजवळच्या दोन खोल्यांत एकटे राहतात. स्वयंपाकाला एक बाई येतात. मुलगा पुण्याला असतो, तो फोनवरून काळजी घेतो. गाडी अमेरिकन. नानांनी तरुणपणी मुंबईत घेतलेली. वकिलातीतला कोणी साहेब देश सोडून जाताना ती विकून गेला होता. रंग पिकलेल्या पपईचा, दारं दोनच, स्टिअरिंग डावीकडे आणि बॉनेट एवढं लांब, की त्यावर दोन माणसांची पंगत बसावी.

पण आमच्या घराण्यात ही गाडी प्रसिद्ध होती ती रंगामुळे नाही. नाना सांगायचे, की स्टिअरिंगखाली एक बटण आहे, ते दाबलं की बॉनेटवरचं एक झाकण आपोआप उचललं जातं, गाडी तोंड उघडते आणि थंड हवा थेट इंजिनात ओढून घेते. कारखान्यातूनच तशी आलेली, कुणी नंतर बसवलेलं नाही. एवढ्यावर ते थांबले असते तर लोकांनी ऐकून घेतलं असतं. पण ते पुढे अहिराणीत म्हणायचे, "आणि त्या तोंडाला दात बी शेत!" म्हणजे दातही आहेत.

हे तोंड त्यांनी मुंबईत पाहिलं होतं, साहेबानं स्वतः दाखवलं होतं. इगतपुरीच्या घाटात त्यांनी ते वापरलंही होतं. बरोबर फक्त ड्रायव्हर होता आणि तो केव्हाच वारला. दोंडाईच्याला आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी सगळ्या हमालांना, मुकादमाला, आपल्या वडिलांना आवारात उभं केलं, इंजिन चालू केलं, बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. त्यांचे वडील, म्हणजे घरातले मोठे आबा, एवढंच म्हणाले, "बरं. कामाला लागा." तेव्हापासून आजपर्यंत ते तोंड कुणाला दिसलं नाही. आमच्याकडे कुणी थाप मारली की समोरचा विचारतो, "मग, उघडलं का तोंड?" मी सून म्हणून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ही म्हण शिकले, गोष्ट नंतर कळली.

मी ताडपत्री ओढत होते, तेवढ्यात फाटकातून एक पांढरी जीप आत आली. हायवेवर, शिरपूरच्या अलीकडे, एकाचं मोठं हॉटेल आहे. तोच होता. त्याच्या हॉटेलात आधीच विमानाच्या आकाराचं आइस्क्रीमचं दुकान आहे. नानांच्या मुलानं त्याला गाडी द्यायचं कबूल केलं होतं, हे मला तिथेच कळलं. नानांनाही.

"ताई, चौथरा बांधून तयार आहे," तो गाडीभोवती फिरत म्हणाला. "इंजिन काढून टाकायचं. खाली सिमेंटचे ठोकळे. आणि बॉनेट उघडं ठेवून आतमध्ये शेवभाजीचं काउंटर."

"इंजिनाच्या जागी शेवभाजी?"

"लोक फोटो काढतात ना ताई. फोटो काढला की जेवतात."

नाना खुर्चीत बसून ऐकत होते. "मनी गाडीमा शेवभाजी?" एवढंच म्हणाले.

"झणझणीत नाना! आपली खान्देशी."

मी पुण्याला फोन लावला. नानांचा मुलगा म्हणजे माझे चुलतदीर. ते म्हणाले, "वहिनी, मी शब्द दिला आहे. नाहीतरी गाडी सडतेच आहे. आणि बाबांच्या त्या तोंडाच्या गोष्टीत अडकू नका, प्लीज."

"शब्द तुम्ही दिलात भाऊजी, पण गाडी नानांच्या नावावर आहे," मी म्हटलं आणि फोन नानांकडे दिला. त्यांनी तो कानाला लावलाच नाही, लांब धरून त्याच्यात बोलले. "ऐक. गाडीनं तोंड उघडलं तर ती कुठं जायची नाही. नाही उघडलं तर घेऊन जा. शेवभाजी कर, भरीत कर, काही कर. आणि मी पुन्हा त्या तोंडाचं नाव काढणार नाही."

हॉटेलवाला हसला. त्याला वाटलं, गाडी मिळालीच. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. मला शेड मोकळी हवी होती, गाडी कुणाकडे जाते याच्याशी मला फारसं देणंघेणं नव्हतं. पण म्हाताऱ्या माणसानं भर आवारात पैज लावली होती. ती नीट खेळली जावी, एवढं तरी माझ्या हातात होतं. मी हॉटेलवाल्याला म्हटलं, "पुढच्या रविवारी या. क्रेन घेऊन या. काय ते तेव्हा ठरेल."

सोमवारी मी धुळ्याहून भाईंना घेऊन आले. माझ्या ढेपेच्या पिकअपचं सगळं काम तेच करतात. मूळ अमळनेरचे, धुळ्यात गॅरेज. माणूस बोलका आहे, इंजिनाशीसुद्धा बोलतो. गाडी बघून ते काही बोलले नाहीत, हे मला जरा विचित्र वाटलं. त्याहून विचित्र म्हणजे बॉनेट न उघडता ते सरळ गाडीच्या मागच्या बाजूला गेले, पोतं अंथरलं आणि खाली सरकले.

"भाई, इंजिन पुढे आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे ताई. दोन मिनिटं." खालून पान्याचा टकटक आवाज येत राहिला. मग ते बाहेर आले. "मागच्या स्प्रिंगचे पाटे उजवीकडे जास्त आहेत, डावीकडे कमी." पाटे म्हणजे चाकांवर गाडीचं वजन पेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या.

"कमी राहतीलच!" नाना खुर्चीतून गरजले. "चोरले ते. अमळनेरला एक पाटेवाला होता. स्प्रिंग दुरुस्तीला गाडी त्याच्याकडे पाठवली, परत आली तर डावीकडचे पाटे गायब. भर बाजारात त्याला चोर म्हटलं मी. आपल्या सगळ्या ट्रकांचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. पुन्हा त्याच्या दारात आपला ट्रक उभा राहिला नाही."

"असं?" भाई म्हणाले आणि हात पुसत पुढे बॉनेटकडे गेले.

नंतरचे तीन-चार दिवस भाई आणि त्यांचा एक कारागीर गाडीत डोकं घालून होते. हवेच्या गाळणीत उंदरांनी रुईचं घर केलेलं होतं, इतकं मऊ की मलाही हेवा वाटला. पेट्रोलची टाकी उतरवून धुतली. रबराच्या नळ्या बोटानं दाबल्या की बिस्किटासारख्या मोडत होत्या. त्या सगळ्या नव्या घातल्या. तोंडाची यंत्रणाही भाईंनी शोधून काढली. साधीच होती. इंजिन चालू झालं की ते हवा ओढतं. त्या ओढीला एका बारीक नळीनं एक पत्र्याचा डबा जोडलेला. बटण दाबलं की डब्यातला पडदा ओढला जातो आणि दांड्याला ढकलतो. दांडा झाकण उचलतो. म्हणजे गाडी आपल्याच श्वासानं तोंड उघडते.

"यंत्रणा आहे म्हणजे नाना खोटं बोलत नव्हते," मी म्हटलं.

"यंत्रणा आहे. चालते की नाही ते इंजिन सुरू झाल्यावर कळेल," भाई म्हणाले. ते मला पटलं.

मी मधल्या काळात शेड उरकत होते. रुईच्या गाठी बांधायच्या प्रेसच्या खोलीकडे जाणाऱ्या भिंतीत जागोजागी भोकं होती, ती पत्रे मारून बंद केलेली. ते पत्रे काढायला लॉनवाल्यांनी सांगितलं होतं. रिव्हेट अशा पक्क्या, की छिन्नीनं एकेक उडवावी लागत होती.

दुपारी डेपोत गिऱ्हाईक कमी असतं. बुधवारी तिथे बसून मी मोबाइलवर त्या गाडीची माहिती शोधली. मला काही हौस आली नव्हती. बटणाचा प्रकार खरा आहे का, ते बघायचं होतं. एक टोपीवाला अमेरिकन म्हातारा आपल्या तसल्याच गाडीखाली आडवा होऊन काहीतरी समजावत होता. त्याचं इंग्रजी माझ्या कानात शिरेना. पण त्यानं उजवीकडचे पाटे बोटांवर मोजले, मग डावीकडचे मोजले आणि डावीकडे बोटं कमी पडली, ते मात्र स्पष्ट दिसलं.

मी ते तीनदा पाहिलं. खाली लिहिलेलं वाचलं. गाडी कारखान्यातूनच तशी यायची. एवढं ताकदीचं इंजिन एकदम जोरात सोडलं, की गाडीला पीळ बसतो आणि मागचं उजवं चाक जमिनीवरून उचललं जातं. मिक्सर एकदम फुल केला की भांडं कसं एका बाजूला झटका देतं, तसंच. म्हणून त्या बाजूला पाटे जास्त, चाक जमिनीवर दाबून धरायला. बाहेरून कुणाला कळूही नये, अशी सोय. आणखी एक कळलं. डॅशबोर्डवर रेडिओच्या जागी नुसती पट्टी होती. साहेबानं जाताना रेडिओ काढून नेला, असं नाना म्हणत आणि त्यालाही शिव्या देत. तर वजन कमी व्हावं म्हणून काही लोक गाडी मुद्दामच रेडिओशिवाय मागवत. हे मला आवडलं. गाडी पळायला घेतली तर पळायलाच घ्यावी.

गुरुवारी दोंडाईच्याला जाऊन मी तो व्हिडिओ नानांसमोर धरला. भाईंनाही बोलावलं. म्हाताऱ्यानं बोटं मोजली. नानांनी चष्मा वर-खाली केला.

"परत लाव."

परत लावला.

"म्हणजे डावीकडे कमीच असतात?"

"कमीच असतात. कंपनीतूनच."

नानांनी चष्मा काढला. भाई खाली बसून नळीला पट्टी आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "अमळनेरचा तो पाटेवाला माझे अब्बा."

मी मोबाइल बंद केला.

"अब्बा शेवटपर्यंत सांगायचे, गाडी जशी आली तशीच परत दिली. बाहेर कुणी ऐकायचं नाही ते सोडा, घरात अम्मीसुद्धा म्हणायची, एवढा मोठा माणूस उगाच चोर म्हणेल का? ताईंचा फोन आला आणि गाडी कुठली ते कळलं, तेव्हाच ठरवलं. पैसे मिळोत न मिळोत, एकदा खाली झोपून स्वतः मोजायचं."

नानांनी बाईंना चहा टाकायला सांगितलं. मग म्हणाले, "मिस्तरी, चहा घे."

मला राग आला. "नाना, चहानं नाही भागणार."

"माहीत शे माले," ते माझ्यावर खेकसले. मग काठी टेकत उठले, भाईंपुढे जाऊन उभे राहिले. अवघड बोलायचं असलं की नाना अहिराणीत शिरतात. "तुना बाप चोर नव्हता. चूक मनी व्हती. सांग, अमळनेरना बाजारमा जाईसन सांगू का?"

भाईंनी वर पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी कडू येणार. "कशाला नाना? त्या बाजारात आता सगळी मोबाइलची दुकानं झालीत. कुणाला सांगणार, चार्जरला?"

नाना हसले नाहीत. भाई हसले. मग दोघांनी चहा घेतला आणि त्या दिवशी पहिल्यांदा नानांनी त्यांना "मिस्तरी" सोडून "भाई" म्हटलं.

शुक्रवारी संध्याकाळी इंजिन सुरू झालं. आवाज कसा होता ते सांगायचं, तर फाटकावरची कबुतरं उडाली आणि स्वयंपाकाच्या बाई हातात लाटणं घेऊन बाहेर आल्या. नाना लगेच बटणाकडे हात नेत होते. मी हात धरला. "रविवारी. सगळ्यांसमोर. पैज सगळ्यांसमोर लावलीत ना?" खरं कारण वेगळं होतं. नाही उघडलं, तर निदान दोन दिवस तरी त्यांना चांगले मिळावेत.

रविवारी हॉटेलवाला क्रेन घेऊन आला, बरोबर चपटा ट्रक आणि दोन माणसंही. गाडी आवारात मध्यभागी उभी केली होती. धुतलेली. नाना डावीकडच्या सीटवर इस्त्रीच्या सदऱ्यात बसले. इंजिन घुमू लागलं.

त्यांनी बटण दाबलं.

आम्ही सगळे बॉनेटकडे बघत राहिलो. झाकणाची चौकट दिसत होती, रंगाखाली अगदी बारीक रेघ. ती रेघ जागची हलली नाही. नानांनी पुन्हा दाबलं. मग पुन्हा. मग हात मांडीवर ठेवला.

हॉटेलवाल्याला वाईट वाटलं असावं, कारण तो जरा हळू आवाजातच आपल्या माणसांना म्हणाला, "पट्टे आणा रे."

"थांबा," भाई म्हणाले. बॉनेट वर केलं, डब्याची नळी काढून तिच्या तोंडावर बोट धरलं. "ओढ तर आहे ताई. चांगली ओढ आहे. डबा पण ओढतोय. दांडा ढकलतोय, पण झाकणच जाम आहे."

"गंजलं असेल."

"गंज मी साफ केला. तेल सोडलं."

मी मोबाइलची बॅटरी लावली आणि बॉनेटखाली डोकं घातलं. झाकणाच्या आतून एक काळा पत्रा होता. भाईंनाही तो गाडीचाच भाग वाटला होता. सगळं काळंच होतं. पण त्याच्या कडेच्या रिव्हेट मी आठवडाभर पाहत होते. प्रेसच्या भिंतीतल्या भोकांवर मारलेल्या पत्र्यांना हुबेहूब त्याच होत्या, तशाच एका बाजूला जरा चेपलेल्या. नखानं खरवडलं, तर काळ्या रंगाखाली जिनिंगचा शेंदरी रंग निघाला.

"हे अमेरिकेचं नाही," मी म्हटलं. "हे आपलंच आहे."

जिनिंगमध्ये वाढलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही, पण हॉटेलवाल्याला सांगावं लागलं. हंगामात आवारात रुईचे तंतू हवेत तरंगत असतात, अंगावर, पापणीवर, सगळीकडे बसतात. एका ठिणगीनं सगळं जातं. मोठ्या आबांच्या काळात फाटकावर एक पेटी होती, तिच्यात विड्या-काड्या टाकल्याशिवाय कुणाला आत सोडत नसत, मग तो व्यापारी असो की जावई. आत येणाऱ्या ट्रकच्या सायलेन्सरला जाळी लावायची. हवा ओढणारं भोक दिसलं की त्यावर पत्रा मारायचा. आणि नाना मुंबईहून आले ते फाटकातच वडिलांना कौतुकानं सांगू लागले, की माझी गाडी तोंड उघडून हवा थेट इंजिनात घेते. इंजिन कधी उलटं ठसकतं, तेव्हा त्या घशातून जाळही बाहेर येऊ शकतो. आबांनी दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली नसणार. त्याच रात्री जिनिंगच्या फिटरला बोलावून पत्रा मारून घेतला असणार आणि वरून काळा रंग.

"आणि सकाळी तिथंच उभे होते," नाना म्हणाले. ते गाडीतून उतरून माझ्या शेजारी आले होते. "मी बटण दाबत होतो आणि ते बघत होते."

मला वाटलं, म्हातारा आता रडतो की काय, आणि पाणी आणायला कुणाला सांगावं याचा मी विचार करू लागले. पण नानांचे खांदे हलायला लागले ते हसण्यानं. "म्हातारा बरोबर व्हता!" ते म्हणाले. "बठ्ठी, सगळी जिनिंग जळी जाती. पन एक शब्द सांगी देता, तर काय बिघडतं व्हतं रे बाप?" मग भाईंकडे वळून, "उडव ते."

भाईंनी छिन्नी लावली. रिव्हेट टणाटण उडाल्या, एक हॉटेलवाल्याच्या बुटावर. पत्रा निघाला. बॉनेट खाली केलं. नाना पुन्हा आत बसले. या वेळी त्यांनी कुणाकडे पाहिलंही नाही, नुसतं बटण दाबलं.

बॉनेटच्या मधोमध झाकण सावकाश वर आलं, मगर पाण्यातून डोकं काढते तसं. दोन्ही बाजूंना, आतापर्यंत लपलेल्या भागावर, पांढरे दात रंगवलेले होते. मोठे, टोकदार, माशासारखे. ऊन लागलं नसल्यामुळे रंग काल दिल्यासारखा.

"अगं माय वं," स्वयंपाकाच्या बाई ओरडल्या, "दात शेत!"

"आई शप्पथ," हॉटेलवाला म्हणाला आणि एक पाऊल मागे सरला.

नाना बटण दाबत होते, सोडत होते. तोंड उघडत होतं, मिटत होतं. मी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल गाडीसमोर धरला. मग दीर म्हणाले, "वहिनी, हे… खरंच दात आहेत."

"तुमच्या वडिलांना सांगा," मी म्हटलं आणि मोबाइल खिडकीतून आत दिला. या वेळी नानांनी तो कानाला लावला. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, इंजिनाचा आवाज फार होता.

मग नानांनी मला शेजारी बसायला सांगितलं आणि आवाराची एक फेरी मारली. पूर्वी कापसाच्या गाड्या जिथे रांगेनं उभ्या राहत, ती लांब सरळ जागा. ऐंशीच्या माणसाला एवढी ताकद जमेल का, असा विचार मी करेपर्यंत गाडीनं एक पीळ दिला, समोरून कुणीतरी ढकलल्यासारखी मी सीटमध्ये दाबली गेले आणि हॉटेलवाला बारदानांच्या ढिगावर चढला. उजवं चाक जमिनीवरच राहिलं. कुंपणाच्या बऱ्याच आधी नानांनी ब्रेक मारला. मी उतरून पदर नीट केला. मजा आली, हे नाकारत नाही.

हॉटेलवाला ढिगावरून उतरला तो वेगळाच माणूस होऊन. "नाना, इंजिन नाही काढत! शेवभाजी रद्द! दर तासाला तोंड उघडायचं, लोक नाशिकहून येतील!"

"नाही."

"नाना, माझ्या आइस्क्रीमच्या विमानाला पण असेच दात रंगवतो—"

"नाही म्हटलं ना. पैज ऐकली होतीस."

ऐकली होती. तो खेळाडू माणूस निघाला, वाद घातला नाही. फक्त एक फोटो मागितला. नानांनी तो काढू दिला, तोंड उघडं ठेवून.

इथपर्यंत सगळं छान. पण गाडीनं तोंड उघडलं म्हणून तिला छप्पर मिळत नाही. लॉनवाल्यांचा स्वयंपाकाचा ओटा सोमवारी बांधायला घ्यायचा होता. माझ्या डेपोत ढेपेची धूळ आणि उंदीर. तिथे गाडी ठेवायची म्हणजे पुन्हा तेच. नाना पैज जिंकले होते आणि गाडी ठेवायला जागा नव्हती. मी हे बोलून दाखवलं तेव्हा सगळे माझ्याकडे असे बघू लागले, जणू पत्रा मीच मारला होता.

"माझ्याकडे ठेवा," भाई म्हणाले. "गॅरेजमागे अब्बांची पाट्यांची शेड आहे. ते धुळ्याला आले तेव्हा त्यांनीच बांधली. रिकामीच आहे. पत्र्याचं छप्पर, कोरडी जागा."

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. "त्यांच्या शेडमध्ये? माझी गाडी?"

"तिथंच. फक्त ठेवताना पाटे मोजून घ्या नाना. नंतर भांडण नको."

यावर मात्र नाना असे हसले, की बाईंना पाणी आणावं लागलं. दर रविवारी एसटीनं धुळ्याला यायचं, इंजिन सुरू करायचं आणि परत जायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मी म्हटलं, एसटी नको, रविवारी सकाळी माझी पिकअप ढेप टाकायला दोंडाईच्याला येतेच, तिच्यात बसा.

गाडीच्या कागदांची मुदत केव्हाच संपलेली, त्यामुळे ती रस्त्यावर चालवण्याचा प्रश्न नव्हता. हॉटेलवाल्याचा चपटा ट्रक आलेलाच होता. तोच मी भाड्यानं ठरवला. तो म्हणाला, भाडं नको, फक्त हायवेवर माझ्या हॉटेलासमोरून न्या. मी म्हटलं, आमचा रस्ता तिकडून जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेड झाडून घेतली, लॉनवाल्याच्या माणसाला किल्ली दिली आणि गाडी ट्रकवर चढवून चारी बाजूंनी पट्टे आवळून घेतले. नाना म्हणाले, मी वर गाडीतच बसून येतो. मी म्हटलं, ड्रायव्हरशेजारी बसा, नाहीतर घरी राहा. ते ड्रायव्हरशेजारी बसले. मी पिकअप घेऊन मागे निघाले. धुळ्यात भाईंच्या दारात ट्रक उभा करून दिला, नानांना खुर्ची मिळाली आहे ना ते पाहिलं आणि डेपोचं शटर वर केलं. फागण्याचं एक गिऱ्हाईक आधीच येऊन थांबलं होतं. त्याला ढेप मोजून दिली.